तिसरी इयत्ता आणि उत्तर समुद्र

रत्नागिरीत परतल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, "मग, जर्मनी कशी काय?" मी म्हणतो, "सपाट." लोक हसतात. त्यांना वाटतं, मी विनोद केला.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसीअर आहे. आजवरची सगळी नोकरी जांभा फोडून रस्ते नेण्यात गेली. चढ, वळण, मोरी, पुन्हा चढ, यापलीकडे रस्ता कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं. पश्चिम जर्मनीच्या उत्तर टोकाकडे आगगाडीतून निघालो आणि दुपार उलटून गेली, तरी जमीन कुठे हातभरसुद्धा उचललेली दिसली नाही. हिरवं गवत, काळ्यापांढऱ्या गाई, सरळ चर आणि वर राखाडी आभाळ. असा रस्ता मला कुणी बांधायला दिला असता तर मी आनंदाने नाचलो असतो. पण मी रस्ते बघायला गेलो नव्हतो.

माझी बायको वृंदा तिथे होती. ती इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कॉलेज सांभाळून, सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळा गाठून, गुडघाभर चिखलात उभं राहून तिने खाडीतल्या खडकांना चिकटणाऱ्या कालवांवर आठ वर्षं काम केलं. त्यातून लिहिलेला एक लेख परदेशात छापून आला. तो वाचून उत्तर समुद्राकाठच्या एका गावातल्या प्राध्यापकांनी तिला डॉक्टरेटसाठी बोलावलं. शिष्यवृत्ती मिळाली, कॉलेजने तीन वर्षांची रजा दिली. आमची चित्रा तेव्हा पाच वर्षांची होती. तिला वृंदाच्या धाकट्या बहिणीकडे, शैलाकडे, ठेवायचं ठरलं. शैलाचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. "ताई, तू जा गो निर्धास्त," शैला म्हणाली होती.

वर्षभराने वृंदाचा फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता, कचेरीत बोलावणं आलं. खरखरीतून तिचा आवाज येत होता. "अहो, इथे डॉक्टरेटला घेत नाहीयेत मला. माझी वर्षं कमी पडतायत."

"कसली वर्षं?"

"शिकण्याची."

"मग तू ये इकडे. बसून बोलू."

ती म्हणाली, "मी आले तर परत जायची नाही. तुम्हीच या."

मी कॉलेजच्या प्राचार्यांना भेटलो. ते सरळ माणूस. म्हणाले, "भाटकर, तीन वर्षांवर एक दिवसही मला वाढवून देता यायचा नाही. तिथे जमणार असेल तर राहू दे. नसेल तर या जूनअखेर मला सांगा, मी त्यांची उरलेली रजा रद्द करून कामावर घेतो." तेव्हा बायकोला घेऊन यायचं की ठेवून यायचं, हे ठरवायला मी एप्रिलात रजा टाकली आणि निघालो. तिकिटाची जुळवाजुळव कशी झाली, त्याची गोष्ट वेगळी आहे.

फ्रँकफुर्ट

विमानतळावर माझी पिशवी उघडली गेली. शैलाने कुळथाचं पीठ, कोकमाची सोलं आणि आंब्याची साठं बांधून दिली होती. तांबूस पिठाची ती पुरचुंडी पाहून कस्टमच्या अधिकाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने पीठ हुंगलं, दुसऱ्याला बोलावलं, त्यानेही हुंगलं. मला जर्मन येत नाही आणि त्यांना कुळीथ माहीत असायचं कारण नाही. शेवटी मी चिमूटभर पीठ तोंडात टाकून गिळून दाखवलं. कोरडं पीठ घशात बसलं आणि असा काही ठसका लागला की त्या दोघांनी मला पाणी आणून दिलं आणि पिशवी बंद करून हात जोडले. आपल्यासारखे हात जोडले, हे विशेष.

पुढच्या प्रवासात माझ्यासमोर एक म्हातारी बाई बसली होती. तिने डब्यातून काळा, विटेसारखा पाव काढला, त्याला लोणी लावलं आणि मला अर्धा देऊ केला. आंबट होता. आपल्याकडे डब्यात असं कुणी खायला दिलं की गाव, जात, मुलंबाळं विचारून होतात. तिने काही विचारलं नाही. स्टेशन आल्यावर मान लववून उतरून गेली.

बंदराचं गाव

फलाटावर वृंदा उभी होती. मी तिला ओळखलं ते तिच्या उभं राहण्यावरून. अंगात राखाडी कोट, पायांत जाड बूट, केस मानेपर्यंत कापलेले. ती पुढे आली, आणि लोकांदेखत काय करायचं ते आम्हा दोघांनाही सुचेना. मग तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.

"केस कापलेस?"

"वाळत नाहीत हो इथे," ती म्हणाली. "चित्रा कशी आहे?"

"पहिलीत गेली. दोन दात पडलेत."

"कुठले?" तिने विचारलं. मला सांगता येईना. ती पुढे चालायला लागली.

विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात तिची खोली होती. एक खाट, एक टेबल, खिडकीतून दिसणारं बंदरातल्या माल उचलणाऱ्या याऱ्यांचं जंगल. मजल्यावर सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. तिथे वीस-एकवीस वर्षांची पोरंपोरी नूडल्स उकळत होती. त्यातली एक मुलगी, उटे, वृंदाकडे वही घेऊन आली आणि काहीतरी विचारू लागली. वृंदाने तिला पाचदहा मिनिटं समजावून सांगितलं.

"तुझी विद्यार्थिनी?" मी विचारलं.

"नाही. वर्गातली. आम्ही एका बाकावर बसतो."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

त्या संध्याकाळी तिने कुळथाची पिठी केली. उकळत्या पिठीचा वास त्या स्वयंपाकघरात सुटला तेव्हा पोरांनी खिडक्या उघडल्या. आम्ही दोघं टेबलाच्या कोपऱ्याला बसून जेवलो आणि जेवता जेवता तिने मला सगळं सांगितलं.

जर्मनीत शाळाच तेरा वर्षांची. त्यानंतर विद्यापीठात पाचेक वर्षं शिकून जी पदवी मिळते तिला ते डिप्लोम म्हणतात. ती असेल तरच डॉक्टरेटला दार उघडतं. आपल्याकडे आता दहावी-बारावीची पद्धत रुळली आहे, पण आमच्या वेळची शाळा अकरावी मॅट्रिकची. वर बी.एस्सी. ची चार आणि एम.एस्सी. ची दोन. इथल्या कचेरीने हिशेब असा केला, की आधी यांची शाळा तेरा वर्षांची करा. जी वर्षं कमी पडतील ती कॉलेजातून कापून घ्या. उरतील ती विद्यापीठाची.

"म्हणजे अकराची तेरा करायला दोन गेली," मी म्हणालो. "चारातली दोन उरली, वर एम.एस्सी. ची दोन. चार झाली की!"

"चार असती तर चाललं असतं," वृंदा म्हणाली. "एखादं वर्ष कमी असलं तर प्राध्यापक तोंडी परीक्षा घेतात आणि सोडतात. पण माझी शाळा अकरा वर्षांची कुठे झाली? मी तिसरीत बसलेच नाही."

मला आठवलं. वृंदा राजापूर तालुक्यातल्या नाटे गावची. दुसरीत असताना ती चौथीच्या मुलांची गणितं तोंडी सोडवायची, म्हणून मास्तरांनी तिला दुसरीतून एकदम चौथीत घातलं. तिच्या वडिलांनी, ते समुद्रात मचवा नेणारे तांडेल होते, किनाऱ्यावर साखर वाटली होती. आमचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा बघायला आलेल्या आमच्या मंडळींना ही गोष्ट सगळ्यांत आधी सांगण्यात आली होती.

"दहाच वर्षं धरली त्यांनी," ती म्हणाली. "तीन कापली. विद्यापीठाची तीन उरली. पाच हवीत. तेव्हा मी सध्या चौथ्या वर्षाच्या वर्गात बसते. दोन वर्षं बसायचं, परीक्षा द्यायची, प्रबंध लिहायचा, डिप्लोम घ्यायचं. मग डॉक्टरेट सुरू. ती आणखी तीन."

पिठी थंड झाली होती. तिने ती तशीच संपवली.

प्राध्यापकांच्या घरी

रविवारी दुपारी प्राध्यापकांनी आम्हाला कॉफीला बोलावलं. तिकडे दुपारच्या कॉफीबरोबर केक असतो आणि पाहुण्याने दोन तुकडे तरी घ्यायचे असतात, असं वृंदाने आधीच बजावलं होतं. घर नीटनेटकं, बागेत ट्यूलिपची फुलं. प्राध्यापक उंच, साठीचे, कान थोडे जड. त्यांनी दारातच माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी मोडक्या इंग्रजीत माझी ओळख करून दिली: "डिप्लोमा इन सिव्हिल इंजिनिअरिंग."

त्यांचा चेहरा उजळला. ते आत वळून बायकोला मोठ्याने काही म्हणाले. बाईंनीही माझ्याशी पुन्हा हस्तांदोलन केलं आणि खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीत नेऊन बसवलं.

"काय झालं?" मी वृंदाला विचारलं.

"त्यांना वाटलं तुम्ही डिप्लोम इंजिनिअर आहात," ती खालच्या आवाजात म्हणाली. "इथे तो फार मोठा मान आहे."

मी मॅट्रिकनंतर पॉलिटेक्निकात तीन वर्षं काढलेला माणूस. एम.एस्सी. झालेली बायको केली म्हणून आमच्या नात्यात अजून मला टोमणे बसतात. आणि त्या घरात मी मोठ्या खुर्चीत, आणि वृंदा कडेच्या स्टुलावर. केकचा घास माझ्या तोंडात फिरू लागला. मी वृंदाला म्हणालो, "त्यांना सांग, मी तसला नाही. शाळेनंतर तीनच वर्षं शिकलोय."

तिने सांगितलं. सगळे हसले. प्राध्यापकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि खुर्चीतून उठू दिलं नाही. ती पाच मिनिटं खरोखर छान गेली.

मग मी वृंदाच्या डॉक्टरेटचं विचारलंच. इंग्रजी त्यांना येत होतं, पण नेमकं बोलायचं झालं की ते जर्मनवर येत. त्यामुळे ते वृंदाकडे बघून जर्मनमध्ये बोलत आणि वृंदा मला मराठीत सांगे.

"ते म्हणतात," वृंदा म्हणाली, "माझ्याकडे आजवर आलेल्या विद्यार्थ्यांत श्रीमती भाटकर सगळ्यांत तयारीच्या आहेत."

ती ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात एसटीच्या स्टँडवर गाड्या पुकारतात.

"मग घेत का नाही, विचार."

तिने विचारलं. ते बराच वेळ बोलले. मध्येच थांबून त्यांनी चष्मा पुसला.

"ते म्हणतात, मी उद्या घेतलं असतं. मी समितीपुढे दोनदा गेलो. समिती म्हणते, एका बाईसाठी नियम वाकवला तर उद्या प्रत्येक देशासाठी वाकवावा लागेल. ते म्हणतात, मला लाज वाटते. ते म्हणतात, श्रीमती भाटकरांनी धीर धरावा, पाच वर्षं ही काही फार नाहीत."

"त्यांना सांग, आपल्याला मुलगी आहे."

तिने कॉफीचा कप उचलला.

"सांग ना."

"त्यांना माहीत आहे हो," वृंदा म्हणाली. प्राध्यापकांच्या बाईंना शब्द कळले नसतील, पण त्यांनी उठून वृंदाच्या ताटलीत आणखी एक तुकडा ठेवला.

विद्यापीठाची कचेरी

माझ्या डोक्यातून ती तिसरी जाईना. दोन दिवसांनी मी हट्टच धरला, की कचेरीत जाऊन समजावू. एवढं शिकलेले लोक, त्यांना कळणार नाही का? वृंदा नको म्हणत होती. पण मी मुद्दाम एवढा लांब आलो होतो, म्हणून आली.

टेबलापलीकडे तिशीतली एक बाई होती. हसतमुख. आपल्याकडे कचेरीत असं हसून कुणी बोलत नाही. तिने आम्हाला बसवलं, दार लावून घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं. इंग्रजी चांगलं होतं तिचं. मी म्हणालो, "मॅडम, ही शाळेतून पळालेली नाही. हुशार होती म्हणून वरच्या वर्गात घातली. तिसरीत जे शिकवतात ते तिला आधीच येत होतं."

तिने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "पण मग त्या वर्षी ती कुठे होती?"

"चौथीत!"

"म्हणजे चौथीचं वर्ष आपण मोजलं आहे." तिने बोटांवर मोजून दाखवलं. "तिसरीचं वर्ष नाही. मी नसलेलं वर्ष कसं मोजू?"

"तिने पुढे विद्यापीठात दुसरा नंबर काढला. आठ वर्षं कॉलेजात शिकवलं. तुमच्या लोकांना तिचा लेख आवडला."

"ते सगळं फार चांगलं आहे," ती बाई म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटत होतं हे दिसत होतं. "पण इथे आम्ही हुशारी मोजत नाही, वर्षं मोजतो. हुशारी मोजायला लागलो तर न्याय करता येणार नाही." मग थोडी पुढे वाकून तिने वृंदालाच विचारलं, "तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं नाही का, तिसरीत बसायचं आहे का म्हणून?"

वृंदा म्हणाली, "मी सात वर्षांची होते."

बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर ती थांबली. मला वाटलं रडेल. पण ती म्हणाली, "वर्गात आमच्या मास्तरांनी मला उभं केलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मला बाबांनी नवं परकरपोलकं शिवलं होतं." एवढं म्हणून ती उतरून गेली.

ओहोटी

निघायच्या आदल्या दिवशी तिने मला समुद्र दाखवायला नेलं. समुद्र म्हणून गेलो तर तिथे समुद्रच नव्हता. सुकती लागली होती. आपल्याकडे सुकतीला पाणी मागे जातं ते दिसत राहतं. इथे ते दिसेनासं होतं. बांधावर उभं राहून पाहावं तर नजर पोचेल तिथवर राखाडी, ओला, चमकता चिखल. लोक त्यातून चालत समोरच्या बेटांवर जातात.

तिने बूट काढले, मलाही काढायला लावले. चिखल बर्फासारखा गार. दहा पावलं गेलो नाही तोच माझा पाय मांडीपर्यंत आत गेला. तिने ओढलं, मी आणखी रुतलो, मग तीही घसरून बसली. त्या एवढ्या मोठ्या ओसाडीत आम्ही दोघं चिखलात बसून हसत होतो. महिनाभरात पहिल्यांदाच तिचा खरा आवाज ऐकला.

मग ती दाखवू लागली. हे किड्यांनी वर टाकलेले चिखलाचे वेटोळे. हे काळे, लांबोडे शिंपले, इथे ते पांढऱ्या वाइनमध्ये उकडून खातात. "आपल्या तिसऱ्या हिरव्या वाटणातच बऱ्या," ती म्हणाली. इथली मूळची कालवं माणसांनी ओरबाडून संपवली, आता बाहेरून आणून जगवताहेत. आपल्या खाडीत ती अजून खडकांना लगडून आहेत आणि कुणाचं तिकडे लक्ष नाही. कुठल्या महिन्यात त्यांची पिल्लं पाण्यात सुटतात, कुठल्या खडकांवर बसतात, हे लिहून ठेवायला हवं, उशीर व्हायच्या आत. बोलताना तिचे हात चालत होते, डोळे चालत होते. वर्गात ती अशी शिकवते असं मी ऐकून होतो. मी कधी पाहिलं नव्हतं.

अचानक ती थांबली. "चला, पाणी वळेल आता."

बांधावर बसून पाय पुसताना ती म्हणाली, "जुलैत सत्र संपतं. तेव्हा येते."

"परत जायला?"

"नाही. यायला."

वर्षभर मी हेच ऐकायला आसुसलो होतो. रोज संध्याकाळी शैलाकडून चित्राला घरी आणताना मनात हेच म्हणत होतो. आणि ऐकलं तेव्हा मात्र "राहा" म्हणावंसं वाटलं. पण राहा म्हणजे पाच वर्षं, आणि इथली नोकरी गेलेली, आणि चित्रा अकरा वर्षांची. मी बुटाच्या नाड्या बांधत राहिलो. दूरवर पाण्याची एक बारीक, पांढरी रेघ दिसू लागली होती.

रत्नागिरी

मी मे महिन्यात परतलो आणि प्राचार्यांना भेटलो. त्यांना बरं वाटलं. मी विचारलं, "ती तिथे शिकली त्या वर्षाचं काय? इथे डॉक्टरेटला नाव घातलं तर धरतील का?"

त्यांनी मान हलवली. "मी विद्यापीठात विचारलंय, भाटकर. तिथलं डिप्लोम पुरं केलं असतं तरी इथे ते एम.एस्सी. च्या बरोबरीचं धरतात. एम.एस्सी. त्यांच्याकडे आहेच. अर्धवट केलेल्याचं तर काहीच नाही. नव्याने नाव घालावं लागेल. मार्गदर्शक मिळायला हवेत. आपल्या विषयाचे जे होते ते निवृत्त झाले."

म्हणजे दोन वर्षं खपून तिने जे मिळवलं असतं, ते इथे तिच्याकडे आधीपासूनच होतं, आणि इथे जे होतं ते तिथे नव्हतं. मी कॉलेजच्या उतारावरून खाली आलो. माझ्या हाताखाली झालेला तो रस्ता. वळणं मोजून घेतलेला, चांगला रस्ता आहे.

वृंदा जुलैत आली. मुंबईहून रातराणीने. मी, शैला आणि चित्रा सकाळी स्टँडवर उभे होतो. जमीन ओली होती, गाड्यांच्या चाकांखालून लाल पाणी उडत होतं. चित्राला शैलाने नवा फ्रॉक घातला होता आणि दोन वेण्या घालून दिल्या होत्या.

गाडी लागली. वृंदा उतरली. तोच राखाडी कोट हातावर, केस अजून आखूडच. ती तीन-चार पावलांवर थांबली आणि खाली बसली, चित्राच्या उंचीला. "चित्रा," ती म्हणाली.

चित्राने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग शैलाचा पदर ओढून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मावशी, आईला तू म्हणायचं की तुम्ही?"